चूलपट्टी

यंदा सरकारनं घरपट्टी पेटत्या चुलीमागं लावली. मांडावर, गावाच्या बैठकीच्या जागी, गाव बसला आणि फुला म्हातारीचे दोन्ही लेक एकमेकांना भिडले. थोरला लखू म्हणाला, "भावाभावांनी एकाच चुलीवर शिजवायचं. पट्टी निम्मी हुईल." धाकटा परशू म्हणाला, "चूल मोडायची न्हाई, पट्टीबी द्यायची न्हाई." लखू कुदळ घेऊन घरी गेला आणि धाकट्याची चूल उखडू लागला. आडभिंत घालून परशू वेगळा झाला तेव्हा फुलानंच आपल्या चुलीतला निखारा देऊन ती पेटवली होती. फुला मध्ये पडेपर्यंत मागोमाग आलेल्या परशूनं त्याच चुलीचा तापलेला धोंडा भावाच्या टाळक्यात घातला. लखू राखेत कोसळला, उठलाच नाही. सुप्याहून चुली मोजायला आलेल्या कारकुनानं अंगणातून हाक दिली, "म्हातारे, चुली किती?" फुलानं आपल्या पेटत्या चुलीवर पाण्यानं भरलेली घागर पालथी केली, मयताच्या घरी चूल पेटत नाही. "एकबी न्हाई."