मीटरवाल्या ताई

टकळीने मीटरचं टोक पुन्हा पाण्यात बुडवलं. आधी पाच पूर्णांक आठ आलं होतं, मग सहा पूर्णांक नऊ. आता सात पूर्णांक एक. पाणी तेच, बादली तीच, हातही तोच.

"हे मीटर आपल्या आत्यासारखं आहे," बाबा बाल्कनीच्या दारातून म्हणाले. "वय विचारलं की दर वेळी वेगळा आकडा."

टकळी हसली नाही. घरात हे क्वचितच घडायचं.

बाल्कनीत भिंतीला टेकवलेले पांढरे पाइप होते, पाइपांना भोकं, भोकांत लेट्यूसची रोपं. माती नाहीच. खत मिसळलेलं पाणी छोट्या पंपाने गोल गोल फिरायचं. त्या पाण्याचा आंबटपणा, म्हणजे पीएच, सहाच्या आसपास राहिला तर पानं फोफावतात. नाहीतर मुळं खताच्या पाण्यात बुडूनही उपाशी मरतात. आधीची दोन पिकं अशीच गेली होती. मीटर म्हणेल तसं टकळी पाण्यात आंबटपणा कमी-जास्त करायचं औषध ओतत राहिली आणि मीटर दर वेळी वेगळंच म्हणत राहिलं.

"ही खेप गेली की पाइप खाली," बाबा म्हणाले. "कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि इथे पाणी दिवसभर प्रदक्षिणा घालतंय."

बाबा वाईट नव्हते. फक्त त्यांचे शर्ट ओले होते.

टकळीने मीटरचा खोका शोधून काढला. मागे मदतीचा नंबर होता, थोडा पुसटलेला. शाळा संपेपर्यंत तिच्या वाट्याला घरातला जुना बटणांचा फोन होता, त्यामुळे फोटो पाठवायची सोय नव्हती. तिने एका दमात लिहून टाकलं. मीटर स्वस्तातलं आहे, आकडा टिकत नाही, रोपं पिवळी पडतायत, बाबा पाइप काढणार आहेत, काहीतरी सांगा. खाली सही, टकळी.

उत्तर बऱ्याच वेळाने आलं. "रोपं कसली आहेत? आणि मीटर कसलं?"

प्रश्न बरोबर होता. कंपनी काय एकच मीटर विकत असेल? टकळीने सगळं सांगितलं, विचारलं त्याच्या दुप्पट सांगितलं.

"थांब. हातातलं काम संपवून बघते आणि सांगते."

दुसऱ्या दिवशी सांगितलंही. "खोक्यात छोट्या पुड्या आल्या होत्या का?"

"ओल शोषणाऱ्या? त्या तशाच पडल्या आहेत."

"त्या ओल शोषायला नाहीत ग बाई. पुडीवर आकडा असेल बघ. सांगितलंय तेवढ्या स्वच्छ पाण्यात ती विरघळव आणि मीटर त्यात बुडव. मीटरने तोच आकडा दाखवायला हवा. नाही दाखवला तर स्क्रू फिरवून जुळव. आधी मीटरची परीक्षा, मग पाण्याची."

टकळीने कपाळावर हात मारला आणि पुड्या फोडल्या.

मग रोजचंच झालं. मीटर वापरून झाल्यावर टकळी त्याचं टोक पुसून उन्हात वाळवायची, ते मेसेजवरच्या ताईंनी बंद करायला लावलं. टोक ओलंच ठेवायचं, कोरडं पडलं की ते बिघडतं. आकडा स्थिरावेपर्यंत बोलायचंसुद्धा नाही, हा नियम मात्र टकळीला जड गेला. एकदा पुडीच्या पाण्यातही आकडा जरासा जास्तच येत राहिला, स्क्रू फिरवूनही. ती घाबरली.

"रोज तेवढाच जास्त येतो का?" ताईंनी विचारलं.

"हो, तेवढाच."

"मग तेवढं वजा करून टाक. घड्याळ पुढे असलं तरी चालतं, रोज तेवढंच पुढे असलं की झालं. आणि खरं सांगू, मलाही हे सगळं नीट बघूनच सांगावं लागतं. बरं, पानं काय म्हणतायत?"

ताई कायम आधी पानांची चौकशी करायच्या. कधी पावती मागितली नाही, कधी नवीन मीटर घ्या म्हणून मागे लागल्या नाहीत. अशी कंपनी जगात असेल यावर बाबांचा विश्वास बसत नव्हता.

पानं हिरवी झाली. मग कुरळी, मग एवढी मोठी की पाइप दिसेनात. बाबांनी एक पान तोडून ब्रेडमध्ये घातलं, चावत चावत बाल्कनीकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "दोरी आतल्या खोलीत बांधू या का आपण?"

टकळीने त्याच क्षणी मेसेज केला. "पाइप राहिले. पहिली जुडी तुमची. पत्ता द्या."

दिवसभर उत्तर नाही. मग पत्ता आला.

टकळी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून निघाली. खिशात मीटरही घेतलं, ताईंनी एकदा प्रत्यक्ष पाहावं म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिलाई मशिनं खडखडत होती आणि बायका ब्लाउजचे गळे कापत होत्या.

"मीटरच्या कंपनीचं दार कुठलं हो?" तिने दारातूनच विचारलं.

कोपऱ्यातल्या बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "टकळी ना तू? ये, आत ये. मला वाटलं होतं, आवाज आधी येईल आणि तू मागून."

टकळीचे डोळे भरून आले. आभारांचं पाठ केलेलं भाषण ती पार विसरली. तिने जुडी त्यांच्या हातात दिली, मग मीटर दिलं. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"हेच का ग ते?" त्या म्हणाल्या. "तुझा पहिला मेसेज वाचून मला वाटलं, लाइटच्या मीटरसारखं भिंतीवर असतं. नंबर चुकलाय हे तुला पहिल्याच दिवशी सांगणार होते मी. पण म्हटलं, आधी तुझी रोपं तर जगू देत."