नखांच्या मुळाशी

ओमदुर्मानच्या आमच्या घरात दुपारच्या शांततेत पितळी ताटावर ‘टप्’ असा आवाज झाला. माझ्या पाच वर्षांच्या लेकीने, तसाबीहने, माझ्या डॉक्टरीच्या परीक्षेचं जुनं चित्रकार्ड आपटलं होतं.

"सांगा डॉक्टरीणबाई, काय झालंय याला?"

"बोटांची टोकं फुगलीत. फुप्फुसाचा आजार, माझ्या राणी."

"आणि हिला?"

चित्रात मेंदीचा हात होता. कालच खाला सुआदने माझ्या हातावर काढलेली नक्षी, हुबेहूब. मेंदीने नखं झाकली होती. फक्त मुळाशी निळं दिसत होतं, श्वास संपल्यावर होतं तसं. कार्डं मात्र माझ्या लग्नाआधीची.

"लवकर! नाहीतर यम्मा नापास!"

त्या हाताची बोटं एका चिमुकल्या मुठीत होती. मुठीच्या मनगटावर तसाबीहचेच मणी.

ती चित्रावर वाकली.

"यम्मा, मी तुला एवढं घट्ट धरलंय. तू मला का नाही धरलंस?"