दुसरी सीडी

सीडी सापडली ती योगासनांच्या कव्हरात. वर मार्करने लिहिलेलं अक्षर लेकीचं, स्वप्नालीचंच होतं: 'नाटक, भाग दोन.'

शुभदा मटकन खालीच बसली. पाच वर्षं तिने ही सीडी शोधली होती. आणि आज जुन्या सीड्या भंगारात द्यायला काढल्या, तर ही अशी काखेत कळसा.

"अहो, आधी इकडे या!"

पंढरीनाथ बाल्कनीत होते. खालच्या मजल्यावरची पिंकी मान वर करून विचारत होती, "अंकल, वो नया पिक्चर कैसा है? बच्चों को लेके जाऊँ?"

"बिलकुल नहीं. शुरू का आधा घंटा ठीक है, बाद में नुसतं पाणी!"

जेसल पार्कातल्या त्या बिल्डिंगीत पंढरीनाथांना विचारल्याशिवाय कुणी पिक्चरला जात नसे. विमा कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस, जन्मात कधी स्टेजवर चढला नाही, पण मत ठणठणीत. तोंड बघून गोड बोलणं नाही. बंटीच्या सीडी लायब्ररीतून पिक्चर आणला की त्याच्या दोन सीड्या असत. पंढरीनाथ पहिली पाहून निकाल देत आणि दुसरी बहुधा न बघताच परत करत. "शितावरून भाताची परीक्षा," म्हणत. आणि निकाल बरोबर निघायचा, हीच तर पंचाईत.

गुरुवारी शुभदा भजनाला गेली, की ते एकटेच टीव्हीपुढे बसत. काय पाहिलंत विचारलं, तर म्हणत, "काही नाही. मत देण्यासारखं नव्हतं."

पाच वर्षांपूर्वी स्वप्नालीचं नाटक नाशिकच्या स्पर्धेत झालं, तेव्हा दोघांनाही जाता आलं नव्हतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाने ते टिपलं. शुक्रवारी त्याच्या दोन सीड्या घरी आल्या, आणि रविवारी तिघं हौसेने बघायला बसली. पहिल्या सीडीत स्वप्नाली, म्हणजे नाटकातली गिरिजा, तासभर कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तोंडातून शब्द नाही.

"खरं नाटक पुढे आहे, बाबा," स्वप्नाली म्हणाली.

पण दुसरी सीडी जागेवर नव्हती. शनिवारी शुभदाने बंटीला चार पिक्चर परत केले होते. घाईत ती त्यांच्यातच गेली असणार! ती तीनदा लायब्ररीत जाऊन आली. बंटीने बिचाऱ्याने एकेक कव्हर उघडून दाखवलं. "काकू, कसम से, नाहीये." शूटिंगवाल्याकडची प्रत पुढे पुराच्या पाण्यात गेली.

"राहू दे गं, होतं असं," एवढंच पंढरीनाथ म्हणाले होते. एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी मत देणारा माणूस, पण बायकोला एका शब्दाने बोलला नाही. त्या चांगुलपणाने शुभदाला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्याच आठवड्यात स्वप्नालीला बँकेचं नेमणुकीचं पत्र आलं. दिग्दर्शिका अंबिकाताईंना मात्र नाटकाचे गावोगाव प्रयोग लावायचे होते, आणि गिरिजा त्यांना स्वप्नालीच हवी होती.

"बाबा, खरं सांगा. मला जमतं का?"

पंढरीनाथांनी बँकेचं पत्र तिच्यापुढे सरकवलं होतं. "नाही जमत, बाळा. बँक धर."

पोरीने बँक धरली. रडली नाही, भांडली नाही. पण त्यानंतर नाटकाचं नाव काढलं नाही, आणि घरात नकला करून हसवायची तेही थांबलं.

आता अंबिकाताईंनी तेच नाटक पुन्हा काढलं होतं आणि गिरिजेसाठी पुन्हा स्वप्नालीलाच विचारलं होतं. आज संध्याकाळी सहापर्यंत होय-नाही कळवायचं होतं. सकाळीच स्वप्नालीचा पुण्याहून फोन झाला. "नाहीच म्हणणारे, आई. बाबांचं मत कधी चुकलंय का?" ती हसून म्हणाली होती. ते हसणं शुभदाच्या काळजात दुपारभर सलत होतं.

पंढरीनाथ आत आले. सीडी बघून दारातच थबकले.

"कुठे होती?"

"योगासनांच्यात. मीच मेलीने कोंबली असणार." शुभदाचे डोळे भरून आले. "माझ्या धांदरटपणापायी पोरीचं नाटक सुटलं हो. तुम्ही तरी काय करणार? अर्धंच पाहिलंत, त्यावर मत दिलंत."

पंढरीनाथांनी सीडी घ्यायला हात पुढे केला.

"जाऊ दे भंगारात," ते हळूच म्हणाले. "आता काय त्याचं?"

"मुळीच नाही! आता बघायची. आणि सहाच्या आत तुम्ही स्वतः तिला फोन करायचा. बरं असो, वाईट असो, पूर्ण बघून मत सांगायचं."

तिने सीडी पदराने पुसली. बारीक बारीक चरे पडले होते. पाच वर्षं कोंबून ठेवल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणत तिने ती प्लेअरमध्ये सरकवली.

पडदा उघडला. गिरिजा अजून कोपऱ्यातच होती. सासरा तोंडाला येईल ते बोलत होता. मग तिने सूप बाजूला ठेवलं, सावकाश उठली आणि प्रेक्षकांकडे वळली. ही आपली स्वप्नाली? नुसती उभी होती, तरी सबंध स्टेज तिचं झालं होतं.

"बघा," शुभदा कुजबुजली. "बघा हो, काय घालवलं आपण."

पडद्यावर सासऱ्याने विचारलं, "या घरात तुला कमी काय होतं?" गिरिजा नुसतीच बघत राहिली. शुभदाने नवऱ्याकडे वळून पाहिलं.

पंढरीनाथांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ओठ हलत होते.

"दार ठेंगणं नव्हतं, मामंजी," ते पुटपुटले. "मीच वाकून चालत होते."

आणि मग पडद्यावर स्वप्नालीने तेच वाक्य म्हटलं.