भांडण माझं

"वहिनी, पहिला डबा तुमच्या हातून," पुढारी म्हणाला आणि काळ्या रंगाचा डबा त्याने थेट तिच्या शिलाई मशीनवर ठेवला.

एक थेंब शर्टाच्या अर्धवट बाहीवर पडला. तिने आधी बाही ओढून घेतली, मग वर पाहिलं. दुकानात पाच-सहा जण, बाहेर रस्त्यावर आणखी तितकेच. दोघांनी मोबाईल तिच्या तोंडासमोर धरले होते.

आजच्या पेपरात तिच्या दादाचा लेख आला होता. गोदामाच्या आगीत गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांचं स्मारक बांधू नका, असं त्याने लिहिलं होतं. धुरात शिरताना त्यांच्या तोंडावर साधे मास्कही नव्हते. ते शहीद झाले नाहीत, फुकट मेले. त्या जवानांमध्ये तिचा नवरा होता.

"सख्ख्या मेव्हण्याबद्दल असं लिहितो म्हणजे काय!" पुढारी म्हणाला. "आम्ही तुमच्यासाठी आलोय, वहिनी. तुम्ही फक्त त्याला काळं फासायला सुरुवात करा. पुढचं आमच्याकडे लागलं."

ती उठली. डबा उचलला. "चला."

दादाचं चष्म्याचं दुकान त्याच रांगेत, कोपऱ्यावर होतं. ती अनवाणीच निघाली, तरातरा. मागून घोषणा सुरू झाल्या. आजूबाजूचे दुकानदार दारात येऊन उभे राहिले.

दादा एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची काडी वाकवून बघत होता. गर्दी दिसताच म्हातारा चष्मा तिथेच टाकून सटकला. दादाने बहिणीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. तो जागचा उठला नाही.

तिने डबा पायरीवर आपटला. आत शिरली, वळली आणि दोन्ही हातांनी शटर धाडकन खाली ओढलं. पुढाऱ्याने पाय मागे घेतला म्हणून वाचला. आतून कडी लागली.

"फुकट?" ती ओरडली. "तिघांना खांद्यावर टाकून बाहेर आणलं त्याने! जा, त्यांच्या दारात उभा राहून सांग, फुकट गेला म्हणून!"

"मास्क असता तर तिघांना आणून तो स्वतःही बाहेर आला असता!" दादाचाही आवाज चढला. "दगडावर नाव कोरलं की हे सगळे हात झटकून मोकळे. मग मास्कचं कोण विचारणार?"

"मग तेवढंच लिहायचं! माझ्या माणसाला फुकट म्हणण्याआधी मला एकदा तरी विचारलंस? गिऱ्हाइकाने पेपर आणून दाखवला मला. आणि वर विचारतो, हा तुमचाच भाऊ ना?"

बाहेरून शटरवर थापा पडू लागल्या. काचेच्या कपाटातल्या फ्रेमा थरथरल्या. दादाने खिशातून फोन काढला.

"मागे घेतो लेख. आत्ता सांगतो पेपरवाल्यांना. तुझ्यासाठी."

तिने फोन हिसकावून घेतला.

"माझ्यासाठी? बाहेरचेही माझ्यासाठीच आलेत! सगळ्यांना आजच माझा पुळका आलाय!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "त्यांना घाबरून शब्द गिळलास, तर मी भांडू कोणाशी? त्या डब्याशी? खोटं लिहिलं असशील तर ते मी खोडीन. आणि खरं असेल तर..."

"वहिनी, झालं का?" बाहेरून पुढाऱ्याचा आवाज आला. "उघडा आता!"

तिने तळहाताने शटरवर असा दणका दिला की बाहेरच्या थापा एकदम थांबल्या.

"नाही झालं! आत्ता कुठे सुरू झालंय. भांडण माझं आहे, तुम्ही आपापल्या घरी जा!"

मग तिने गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि भावाच्या अगदी समोर बसली. श्वास अजून फुललेला होता.

"हं," ती म्हणाली. "मास्कचं सांग."