काचेवरचा डाग

स्वतःच्या मर्जीने लग्न केल्यापासून दिपमालाशी तिचे वडील कौतिकनाना बोलत नव्हते. भाचीच्या बारशाला ती धुळ्याहून असोद्याला आली, तेव्हाही ते पाठ फिरवून केळीच्या बागेत निघून गेले.

दिपमाला बोटांचे ठसे तपासण्याचं काम करायची. तिची भावजय पुनम म्हणाली, "ताई, भिंतीवरच्या तुमच्या फोटोची काच मी रोज पुसते. तरी गालापाशीच परत मळते. धूळ काय जागा निवडून बसते?"

दिपमालालाही नवल वाटलं. तिने फोटो उतरवला, पिशवीतली काळी भुकटी काढली आणि मऊ ब्रशने काचेवर फिरवली.

"बघा वहिनी, कोऱ्या काचेवरून कण घसरतात. बोटाचा तेलकटपणा असेल तिथेच चिकटतात."

गालावर एकेक रेषा उमटू लागली. अंगठाच होता. एकावर एक, कितीतरी वेळा टेकवलेला. प्रत्येक ठशावर नानांच्या अंगठ्यावर आहे तशी, विळ्याने कापल्याची आडवी खूण होती.

पुनम चकित झाली. "पण नाना तर या फोटोकडे बघतही नाहीत!"

दिपमालाचा ब्रश हातातच राहिला. तेवढ्यात नाना दारात येऊन उभे राहिले. त्यांची नजर लेकीवरून फोटोवर गेली आणि ते एकदम कडाडले,

"माझ्या पोरीच्या तोंडाला काळं कोणी फासलं?"