तांब्याचं ठिगळ

खरवडता खरवडता सेल्बीचा हात थांबला. गंजाच्या पापुद्र्याखाली हिरवं काहीतरी दिसलं होतं. लोखंड कधी हिरवं पडत नाही.

“काय रे, पटली ओळख?” गार्लंडनं विचारलं. तो शेडच्या दारात पिंपावर बसून सिगारेट ओढत होता. सकाळी शिंपल्यांच्या जाळ्यात हे धूड आलं, ते त्यानं परत पाण्यात ढकललं नाही, ते केवळ सेल्बीमुळं. जुन्या बोटींच्या इंजिनाचा कुठलाही तुकडा पुढ्यात टाका, सेल्बी त्याचं नावगाव सांगणार, हे न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

“एका सिलेंडरचं इंजिन आहे,” सेल्बी म्हणाला. “पूर्वी सगळ्यांकडं असलीच असायची.”

“एवढं मलाही कळतं, बाबा. कुणाचं ते सांग.”

सेल्बीनं चाकू ठेवून ब्रश घेतला. हळूहळू वीतभर लांबीचं तांब्याचं ठिगळ उघडं पडलं. हिवाळ्यात आतलं पाणी गोठून सिलेंडर तडकला की लोक त्याला असं ठिगळ मारत. पण ते पत्र्याचं. तांबं कोण वाया घालवणार? ठिगळाच्या कडेला अर्धा मुकुट उमटवलेला होता. उरलेला अर्धा कात्रीखाली गेला असावा.

हा मुकुट सेल्बीनं लहानपणी बोटानं गिरवला होता. घासूनपुसून पालथ्या घातलेल्या किटलीच्या बुडावर.

ती किटली आईला तिच्या आईनं लग्नात दिलेली. बापानं तिचं बूड कापून इंजिनाला लावलं, तेव्हा घरात कितीतरी दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं. गाव मात्र हसत होतं. बापाची बोट ठकठक करत धक्क्याकडं येऊ लागली की शेजारणी आईला ओरडून सांगायच्या, “ड्रुसी, चहा उकळतोय गं तुझा!”

“कुठं लागलं हे जाळ्याला?” सेल्बीनं विचारलं.

“हे काय, इथंच. बंदराच्या तोंडाशी, खडकाच्या बाहेरच्या अंगाला. तुमच्या स्वयंपाकघरातून दिसतो ना, तोच खडक.”

सेल्बी खोक्यावर बसला. बाप बोट घेऊन गेला, तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. रात्री आईबापाचं कडाक्याचं भांडण झालं आणि पहाटे बाप निघून गेला. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत धुकं हटलं नाही. ना बोट सापडली, ना प्रेत. पुढं कुणीतरी म्हणालं, ड्रुसीच्या हेडलीला बॉस्टनमध्ये पाहिला, चांगली हॅट घालून हिंडत होता. आईनं ते खरं मानलं. तेव्हापासून ती नवऱ्याचं नाव घेत नसे. ‘तो बॉस्टनवाला’ म्हणायची, आणि म्हणताना हातातलं भांडं आपटायची.

“अरे, पांढराफटक पडलायस की तू,” गार्लंड म्हणाला.

“बापाचं आहे हे.”

गार्लंडची सिगारेट तोंडापर्यंत गेलीच नाही.

बाहेर वाटेवर काठीचा आवाज आला. सेल्बी ताडकन उठला. हाताला लागलेलं गोणपाट त्यानं त्या धुडावर फेकलं. “एक शब्द बोलू नकोस,” तो कुजबुजला. “तिचं हृदय नाजूक झालंय. डॉक्टरांनी बजावलंय.” गोणपाट सारखं घसरत होतं.

आई दारात आली. “किती हाका मारायच्या? पावाला काकवी लावून ठेवलीय, चहा गार होतोय. गार्लंड, तूही ये रे.”

“आलोच आई. तू हो पुढं.”

तो फार घाईनं बोलला. आई जागची हलली नाही. “काय लपवतोस?”

“काही नाही. गंज आहे नुसता. हात खराब होतील तुझे.”

“माझे हात चांगले होते कधी?” असं म्हणून तिनं काठीच्या टोकानं गोणपाट बाजूला सारलं.

सेल्बी तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. ती कोसळली तर सावरता यावी म्हणून. पण ती कोसळली नाही. वाकली, आणि तिनं त्या अर्ध्या मुकुटावर अंगठा ठेवला. बराच वेळ तो अंगठा तिथंच होता.

“कुठं मिळालं?”

गार्लंडनं सेल्बीकडं पाहिलं, मग नुसती मान बंदराच्या दिशेनं वळवली. “खडकाजवळ, मावशी.”

ती दारातून त्या खडकाकडं बघत राहिली. आणि सेल्बीनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. आईची हनुवटी लटलटत होती. आई घाबरली होती.

“येत होता की जात होता?” तिनं विचारलं.

सेल्बीनं त्या गंजक्या धुडाकडं पाहिलं. चाक, झडप, पंप, काय हवं ते त्याला त्यातून सांगता आलं असतं. बोटीचं तोंड कुणीकडं होतं, ते त्यात नव्हतं.

“येत होता, आई,” तो म्हणाला.

तिनं वळून त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग काठी गार्लंडच्या दिशेनं उचलली.

“गार्लंड, तू सांग. हा लहानपणापासून मला घाबरतो.”

गार्लंडनं डोक्यावरची टोपी काढली. ती कुठं ठेवावी हे त्याला कळेना.