हललेला फोटो

टेलिफोन ऑफिसातला साठ वर्षांपूर्वीचा ग्रुप फोटो नातीने कॉम्प्युटरवर उघडला. सगळ्या ऑपरेटर मुली ठसठशीत आल्या होत्या, एकट्या आजीचा चेहरा तेवढा हलून पुसट झाला होता.

"आजी, दुसऱ्या फोटोतला तुझा चेहरा इथे बसवते. ओळखूच येत नाहीयेस."

"त्याला हात लावायचा नाही."

"पण हललीस कशाला? फोटोग्राफरने बजावलं नव्हतं?"

"बजावलं की. घसा बसला बिचाऱ्याचा." आजीने मागच्या रांगेच्या टोकावर बोट ठेवले. सिनेमातल्यासारखा केसांचा कोंबडा काढून एक लाइनमन तिथे ऐटीत उभा होता.

खुर्चीतल्या आजोबांनी टक्कल झाकेल इतका पेपर वर धरला.

"बाकीच्या सगळ्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या," आजी म्हणाली, "म्हणून तर हे मला मिळाले."